समितीवर कोण?

१८७५ च्या मार्चमध्ये मुंबई सरकारने कापडगिरण्यांची पाहणी करायला एक कमिशन नेमले. गिरण्यांत बायकामुले किती तास राबतात आणि त्यांच्यासाठी कायदा करायची गरज आहे का, एवढाच प्रश्न होता. कमिशनवर दिनशा माणेकजी पेटिट होते, मोरारजी गोकुळदास होते. दोघेही गिरणीमालक. त्याच वर्षी मुंबईच्या गिरणीमालकांनी आपला संघ काढला होता आणि पेटिट त्याच्या स्थापनेत पुढे होते. ज्यांच्या घराची झडती घ्यायची, त्यांनाच पंच म्हणून बसवले होते.

अध्यक्ष होते मुंबईचे कलेक्टर आर्बथनॉट. हेच आर्बथनॉट पुढे रिचर्ड बर्टनबरोबर ‘कामसूत्रा’चे इंग्रजी भाषांतर छापण्याच्या उद्योगात पडले. गिरणीतल्या मुलांच्या वयाची चौकशी आणि वात्स्यायन हे दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर येऊन गेले, ही गंमत मुंबईतच घडू शकते. कमिशनसमोर साक्षी झाल्या. व्यवस्थापक बोलले, डॉक्टर बोलले, थोडेफार कामगारही बोलले. बहुतेक सदस्यांनी निष्कर्ष काढला की कायद्याची काही गरज नाही, कामगार सुखात आहेत. वेगळे मत दिले ते स्वतः अध्यक्षांनी आणि डॉ. थॉमस ब्लेनी यांनी. दोघेही गिरणीमालक नव्हते.

कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापडगिरणीची जुळवाजुळव सुरू केली ती १८५४ मध्ये. वीस वर्षांत भायखळा, चिंचपोकळी, परळ, लालबाग या भागात धुराडी उभी राहिली. दिवे नव्हते, त्यामुळे दिवस उगवला की यंत्र सुरू आणि मावळला की बंद. उन्हाळ्यात हा दिवस तेरा-चौदा तासांचा होई. साताऱ्या-रत्नागिरीकडून आलेला माणूस शेतावरही उन्हातान्हात राबत होता. पण शेतावर बांधावर बसून भाकरी खायला कुणाची परवानगी लागत नाही. गिरणीत यंत्र चालू असतानाच, कापसाच्या फुफाट्यात, भाकरी उरकावी लागे.

या पहिल्या कमिशनच्या मागे भूतदया किती आणि लँकेशायर किती, हा वाद तेव्हाही होता. मुंबईचे स्वस्त सूत मँचेस्टरच्या मालकांना खुपत होते आणि हिंदुस्थानातल्या कामगाराचे तास कमी झाले तर त्यांचे फावणार होते. त्यामुळे पुण्या-मुंबईची राष्ट्रीय बाण्याची पत्रे गिरणी कायद्याच्या विरोधात उभी राहिली. स्वदेशी उद्योगाचा गळा घोटायचा हा डाव आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य होतेच. पण मँचेस्टरचा हेतू वाईट होता म्हणून चिंचपोकळीच्या सात वर्षांच्या पोराचे काम हलके होत नव्हते. हे साधे गणित मांडायला त्या वेळी सोराबजी शापूरजी बंगालींसारखे एखाद-दुसरेच पुढे आले. त्यांनी स्वतः मसुदा तयार केला, सरकारने तो पुढे जाऊ दिला नाही. शेवटी १८८१ चा कायदा आला तो फक्त मुलांपुरता. सात वर्षांखालच्यांना बंदी, सात ते बारा वयाला नऊ तास. मोठ्यांचे नावही नाही.

१८८४ मध्ये मुंबई सरकारने पुन्हा कमिशन नेमले. या वेळी अध्यक्ष कलेक्टर मुलक. कामगाराला खुर्ची याही वेळी नव्हती. फरक एवढाच की आता कामगारांच्या बाजूने कागद लिहू शकणारा एक माणूस होता.

नारायण मेघाजी लोखंडे मूळचे पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरच्या घराण्यातले, जन्म १८४८ चा, ठाण्यातला. मांडवीच्या गिरणीत ते स्टोअरकीपर होते, म्हणजे गिरणी आतून पाहिलेला कारकून माणूस. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात काढलेले ‘दीनबंधु’ १८८० मध्ये लोखंड्यांनी मुंबईत आणले आणि चालवले. मुलक यांच्या कमिशनचे काम सुरू होताच त्यांनी २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरवली. २६ तारखेला दुसरी. दोन सभांत मिळून एक अर्ज तयार झाला आणि त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या नि अंगठे पडले.

अर्जातल्या मागण्या आज वाचल्या तर त्यांचा साधेपणा अंगावर येतो. रविवारी सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर अपघात झाला तर बरा होईपर्यंत पगार, आणि कायमचा जायबंदी झाला तर पोटापाण्याची सोय. सूर्यास्तापर्यंत काम करायला कुणाची तक्रारच नाही. पगार वाढवून द्या, हेही कुठे नाही.

रविवारच का? सरकारी कचेऱ्यांना रविवारी सुटी होती, हे एक कारण. रविवार हा खंडोबाचा वार, हे दुसरे. देशावरच्या माणसाला जेजुरीचा वार समजावून सांगावा लागत नाही. लोखंडे सत्यशोधक असले तरी लोकांच्या पंचांगाशी त्यांनी भांडण काढले नाही.

या सगळ्याला त्यांनी नाव दिले बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन. ‘हिंदुस्थानातली पहिली कामगार संघटना’ म्हणून तिचा गौरव होतो. सरकारी अहवालाने मात्र १८९२ मध्ये तिच्याविषयी शेरा मारला की या संस्थेला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. लोखंडे हे येईल त्या कामगाराला आपखुशीने सल्ला देतात, एवढेच. शेरा खवचट आहे, पण खोटा नाही. मला मात्र त्यात उलटाच अर्थ दिसतो. सरकारी कमिशनला राजपत्र होते, शिपाई होता, छापखाना होता, आणि त्याला गिरणीत काय चालले आहे ते कळत नव्हते. यादी नसलेल्या, नियम नसलेल्या या एका सल्लागाराला ते कळत होते.

मुलक कमिशनचा अहवाल गेला आणि कायदा जिथल्या तिथे राहिला. लोखंड्यांनी घोंगडे भिजत पडू दिले नाही. १८८९ मध्ये सतरा हजार सह्यांचा दुसरा अर्ज गेला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला रेसकोर्सच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. १८९० मध्ये, गिरणीत राबणाऱ्या दोन बायका दहा हजारांच्या सभेपुढे उभ्या राहून बोलल्या, यावर खरे तर वेगळा लेख व्हायला हवा. १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने साप्ताहिक सुटीचा ठराव केला. कायदा यायचाच होता.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने सबंध देशासाठी फॅक्टरी कमिशन नेमले, लेथब्रिज यांच्या अध्यक्षतेखाली. त्यात सोराबजी बंगाली सदस्य होते आणि मुंबईपुरते सहयोगी सदस्य म्हणून लोखंड्यांना घेतले. सहयोगी म्हणजे मांडीला मांडी लावून बसायचे, मत द्यायचे, पण पूर्ण सदस्याचा मान नाही. तरी फरक पडला. १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुटी आली, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली, बायकांना अकरा तासांची मर्यादा आली, मुलांचे किमान वय नऊ झाले. सुपारीबागेतल्या पाचांपैकी दोन मागण्या सात वर्षांत कायद्यात बसल्या. सूर्यास्ताची, पगाराच्या तारखेची आणि अपघाताची मागणी तशीच राहिली. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगने गेले.

यानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत कमिट्या पुष्कळ झाल्या. त्या सगळ्यांत शिरत नाही. गिरणगावाने सरकारी समितीला खरोखर घाम फोडला तो १९२८ मध्ये.

मालकांनी नवी पद्धत आणली होती. विणकराने दोन मागांऐवजी तीन माग सांभाळायचे, साचेखात्यात एकाने दुप्पट साचे बघायचे, आणि दर सगळीकडे सारखे करण्याच्या नावाखाली हातात कमी पैसे पडायचे. एप्रिलमध्ये संप सुरू झाला आणि सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर राहिले. गावी गेलेले गेले, उरलेल्यांना चाळीतल्या वाण्याने उधारी दिली. संयुक्त संप समितीत ना. म. जोशी आणि श्रीपाद अमृत डांगे शेजारी शेजारी बसत. एक सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे मवाळ, दुसरे कम्युनिस्ट. दोघांचे एकमेकांविषयीचे मत काही फार चांगले नव्हते. सतरा मागण्यांवर मात्र सह्या एकत्र होत्या.

मागण्यांच्या यादीबाहेर एक प्रश्न होता आणि तो डॉ. आंबेडकरांनी संपाच्या नेत्यांपुढे ठेवला. अस्पृश्य कामगाराला साचेखात्यात काम मिळे, मागखात्यात नाही. पगार चांगला तो मागखात्यात. कारण मागाच्या धोट्यात होते. धोट्यातली बॉबीन संपली की नवी भरायची आणि सुताचे टोक धोट्याच्या भोकाला तोंड लावून श्वासाने ओढून घ्यायचे. एका पाळीत असे कितीदा तरी करावे लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला लावायचा, तिथे सवर्ण विणकरांना विटाळ आडवा येई. कामगारांचे ऐक्य लाल बावट्यावर लिहिलेले होते आणि धोट्याच्या भोकाशी येऊन अडत होते. कलेक्टर, न्यायमूर्ती, डॉक्टर असल्या कुणाच्या डोक्यात हा प्रश्न आपणहून आलाच नसता. तो विचारायला तिथे कुणीतरी असावे लागते.

ऑक्टोबरमध्ये तडजोड झाली आणि हायकोर्टाचे न्यायमूर्ती सर चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. कामगार या समितीचे सदस्य नव्हते, पण पक्षकार होते. हा बदल लहान नाही. १८७५ ला कामगार फार तर साक्षीदार होता, विचारले तेवढे सांगून निघून जाणारा. आता त्याचे पुढारी मालकांच्या आकड्यांना आकड्यांनी उत्तर देत होते, उलटतपासणी करत होते. समितीने पाहायचे काय, हेही आधी ठरले होते: मालकांची प्रमाणीकरणाची योजना, त्यांचे स्थायी आदेश, आणि कामगारांच्या सतरा मागण्या. दोन्ही बाजूंचे कागद एकाच टेबलावर.

इकडे समितीचे कामकाज चालू आणि तिकडे गिरणीगिरणीत वेगळ्याच समित्या निघाल्या. मे १९२८ मध्ये स्थापन झालेल्या गिरणी कामगार युनियनने प्रत्येक गिरणीत कामगारांनी निवडलेली गिरणी समिती बसवली. वर्षअखेर युनियनच्या सभासदांचा आकडा चौपन्न हजारांवर गेला. जॉबरने, म्हणजे मुकादमाने, पैसे खाल्ले, कुणाला उगाच बदलीवर ठेवले, दंड जास्त कापला की प्रकरण गिरणी समितीकडे. जॉबरचे राज्य होते तिथे निवडून आलेला माणूस तक्रार घेऊन मॅनेजरच्या खोलीत जाऊ लागला. मालकांना फॉसेट समितीची भीती नव्हती. या समित्यांची होती.

मार्च १९२९ मध्ये फॉसेट समितीचा अहवाल आला. मालकांची योजना त्याने बहुतांशी रास्त ठरवली. त्याच महिन्याच्या २० तारखेला पहाटे डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर, आळवे, कासले यांना पकडून मीरत कटाच्या खटल्यासाठी नेले. समितीसमोर ज्यांनी कामगारांची बाजू मांडली, त्यांतले बरेच अहवाल हाती पडेतो गजाआड. एप्रिलमध्ये दुसरा सार्वत्रिक संप झाला. तेव्हा सरकारच्या हाती नवे हत्यार आले होते: १९२९ चा ट्रेड डिस्प्यूट्स ॲक्ट. त्यात पहिल्यांदा कायद्याने लिहिले गेले की चौकशी न्यायालयात स्वतंत्र माणसे असावीत आणि समेट मंडळात दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी घेतले तर सारख्या संख्येने घ्यावेत. बसायचे कुणी, याचा नियम आला. या कायद्याखाली न्या. पिअर्सन यांचे चौकशी न्यायालय बसले आणि त्याने संपाचा दोष मुख्यतः गिरणी कामगार युनियनवर टाकला. स्वतंत्र माणसे म्हणजे कुणाची माणसे, हे गिरणगावाने आपल्यापुरते ओळखले.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले आणि त्याने कापडगिरणी कामगारांसाठी चौकशी समिती नेमली. जयरामदास दौलतराम अध्यक्ष, वैकुंठलाल मेहता आणि धनंजयराव गाडगीळ सदस्य. अर्थशास्त्राचे प्राध्यापक समितीवर, ही नवी गोष्ट होती. समितीने पुढच्या वर्षी अंतरिम अहवाल देऊन पगारवाढ सुचवली आणि ती अमलातही आली. अंतिम अहवाल १९४० मध्ये, दिवेटिया अध्यक्ष असताना. माझ्या मते या सगळ्या रांगेत कामगाराच्या हातावर लगेच काही पडले ते या एकाच समितीमुळे. त्याला कारण समितीची विद्वत्ता जितकी, तितकेच हे की नेमणारे मंत्रिमंडळ नुकतेच मते मागून आले होते. त्याच मंत्रिमंडळाने १९३८ मध्ये औद्योगिक कलहाचा कायदा आणला आणि ७ नोव्हेंबरला त्याविरुद्ध कामगार रस्त्यावर आले, आंबेडकर आणि कम्युनिस्ट एका बाजूला. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने संपाचा हक्क आवळला.

स्वातंत्र्याच्या तोंडावर १९४६ मध्ये बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स ॲक्ट आला. त्याने ठरवले की एका धंद्यात एकच प्रातिनिधिक युनियन, बोलणी तिच्याशीच. गिरणी धंद्यात ही जागा राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाली. ज्या खुर्चीसाठी सुपारीबागेपासून झगडा चालला होता, ती खुर्ची आता कायद्याने कामगारांच्या नावावर झाली आणि त्यावर कोण बसणार हेही कायम झाले. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या मागे जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर पडले तेव्हा बोनस आणि पगाराबरोबरच हा कायदा रद्द करा, ही मागणी होती. रद्द झाला नाही. संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही. गिरण्या एकेक करून थंड पडत गेल्या.

मग जमीन उरली.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. गिरणीची जमीन विकायची किंवा विकसित करायची तर तिचे ढोबळ तीन वाटे: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. ही वाटणी मालकांना परवडेना, म्हणून फारसे कुणी पुढे आले नाही. १९९६ मध्ये युती सरकारने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला.

त्याच वर्षी दुसऱ्या एका चौकशीचे जे झाले ते शेजारी ठेवून पाहावे असे आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींवर नेमलेला न्या. श्रीकृष्ण आयोग सरकारने २३ जानेवारी १९९६ रोजी गुंडाळला आणि ओरड झाल्यावर मे महिन्यात परत आणला, मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा विषय जोडून. हा आयोग १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखालचा. त्या कायद्यात दोन गोष्टी पक्क्या लिहिल्या आहेत. आयोगाला साक्षीदाराला बोलावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार मिळतात. आणि अहवाल हाती आल्यापासून सहा महिन्यांत सरकारने तो, काय कारवाई केली त्याच्या टिपणीसह, विधिमंडळापुढे ठेवायचा. फेब्रुवारी १९९८ मध्ये दिलेला श्रीकृष्ण अहवाल ऑगस्टमध्ये सभागृहात आला तो या सहा महिन्यांच्या अटीमुळे. सरकारने निष्कर्ष नाकारले, पण नाकारण्यासाठी का होईना, तो छापावा लागला. रस्त्यावरच्या माणसाच्या हाती तो पडला.

कोरियांच्या अभ्यासगटाला यातले काही लागू नव्हते. मंत्रालयात बहुतेक समित्या जन्माला येतात त्या शासन निर्णयाने, म्हणजे जीआरने. त्याचा साचा मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो. वर प्रस्तावना. मग ‘समितीची रचना पुढीलप्रमाणे’: अध्यक्ष, शासकीय सदस्य, अशासकीय सदस्य, तळाला सदस्य सचिव. मग कार्यकक्षा. मग मुदत, आणि बहुधा काही महिन्यांनी मुदतवाढीचा दुसरा जीआर. शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. सदस्य कोणत्या निकषावर घ्यायचे, ज्याचा विषयाशी पैशाचा संबंध आहे त्याने बसावे का, बैठका बंद दाराआड की उघड, अहवाल किती दिवसांत लोकांपुढे आणायचा, हे विभागाच्या मर्जीवर. खरी सत्ता सदस्य सचिवाकडे असते, कारण इतिवृत्त तो लिहितो. अमेरिकेने १९७२ मध्ये सल्लागार समित्यांसाठी स्वतंत्र कायदाच केला: सनद लेखी हवी, सदस्यांत बाजूंचा समतोल हवा, बैठकीची आगाऊ सूचना आणि दरवाजे उघडे, आणि नूतनीकरण केले नाही तर दोन वर्षांत समिती आपोआप बरखास्त. त्या देशात म्हणून सगळे सल्लागार साधुसंत झाले असे नाही. पण असा कायदा १८७५ च्या मुंबईत असता तर पेटिट आणि मोरारजी यांना गिरण्यांच्या चौकशीवर बसवताना कुणाला तरी लेखी कारण द्यावे लागले असते.

कोरिया हा माणूस समितीला शोभेचा नव्हता. १९६० च्या दशकात प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्याबरोबर नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्यांपैकी ते एक. राष्ट्रीय नागरीकरण आयोगाचे अध्यक्ष राहिलेले. पण अभ्यासगटाकडे समन्स काढायची ताकद नसते. खासगी गिरण्यांची दारे गटासाठी उघडली नाहीत आणि अभ्यास झाला तो राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यातल्या गिरण्यांचा. तरीही त्यातून जे निघाले ते मोलाचे होते. एकेका गिरणीच्या तुकड्याचे तीन वाटे करत बसू नका, सगळ्या जमिनी एकत्र धरून आराखडा करा, म्हणजे चिंधीचिंधी बागांऐवजी सलग मोकळी जागा मिळेल. परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकांच्या परिसरात चालणाऱ्यांसाठी मोठे मोकळे चौक करा. कारण उद्या इथे कचेऱ्या येतील आणि त्यांतली माणसे याच दोन स्थानकांवर उतरतील.

सरकारने तो आराखडा अमलात आणला नाही. कचेऱ्या आल्या, माणसे उतरू लागली. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पावसात एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ जण मेले. कोरियांचा आराखडा त्यानंतर काही दिवस वर्तमानपत्रांत पुन्हा छापून आला.

दरम्यान २००१ मध्ये, विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना, नियम ५८ मध्ये दुरुस्ती झाली. वाटणी करायची ती फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, इमारती पाडून मोकळी होणारी त्यात धरायची नाही. गिरणी म्हणजे बहुतेक सगळी इमारतच. त्यामुळे महापालिकेचा आणि म्हाडाचा वाटा कित्येक पटींनी आटला.  २००५ मध्ये वस्त्रोद्योग महामंडळाने पाच गिरण्या लिलावात काढल्या. दादरची कोहिनूर ३ नंबर ४२१ कोटींना गेली, लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल ७०२ कोटींना. १७ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई हायकोर्टाने, बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर, मोकळ्या जमिनीचा सरकारने लावलेला अर्थ फेटाळला. मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा निकाल उलटवला.

या नियम ५८ च्या पोटात एक समिती होती आणि तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. जमीन विकून आलेला पैसा वेगळ्या खात्यात राहतो की नाही, त्यातून कामगारांची देणी फिटतात की नाही, हे पाहायला सनियंत्रण समिती. हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती अध्यक्ष. गिरणीमालकांचा एक प्रतिनिधी, महापालिका आयुक्तांचा एक, शासनाचा एक, आणि कामगारांचा एक. साक्षीदार बोलावण्याचे अधिकारही दिलेले. रचना पाहिली तर १८८४ च्या लोखंड्यांनी टोपी उडवली असती. पण कामगारांचा प्रतिनिधी कुणाचा, तर मान्यताप्राप्त युनियनचा. म्हणजे १९४६ च्या कायद्याने ठरवलेला. १९८२ मध्ये अडीच लाख लोक जिच्याविरुद्ध उठले होते, तीच खुर्ची.

उरलेल्यांनी आपली वेगळी समिती केली. मॉडर्न मिलमधले दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये बंद गिरणी कामगार संघर्ष समिती काढली, आणि थकलेली देणी, मग घरे, या मागणीवर तीस वर्षे धरणी, उपोषणे, मोर्चे केले. त्या समितीला कार्यकक्षा कुणी लिहून दिली नव्हती आणि मुदतवाढही कुणाकडे मागायची नव्हती. २८ जून २०१२ रोजी म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली ती ६,९२५ घरांची. अर्ज होते सुमारे दीड लाख. इस्वलकर एप्रिल २०२१ मध्ये वारले, तेव्हाही बहुतेक अर्जदार घराच्या यादीत नाव यायची वाट पाहत होते, आणि त्यांतले पुष्कळसे अर्ज एव्हाना वारसांच्या नावावर झाले होते.